विसराळू साहेब

डेंटनसाहेब गेल्याची बातमी आमच्याकडे संध्याकाळच्या चहाबरोबर आली. आमच्या जहाज क्लिअरिंगच्या ऑफिसात पूर्वी असलेले एक गोरे कॅप्टन कामानिमित्त बहरीनला आले होते. जुनी ओळख म्हणून ते जिदहफ्सला आमच्या घरी डोकावले आणि बोलता बोलता म्हणाले, "डेंटन गेला. हिवाळ्यात. झोपेतच."

कॅप्टन गेल्यावर सुमतीनं देवापाशी दिवा लावला. हात जोडून म्हणाली, "देव त्यांना चांगली जागा देवो. माझ्या मनात काही नाही. मी त्यांना विमानतळावरच माफ केलं होतं."

सात वर्षं मी साहेबांच्या विसरण्याबद्दल या ना त्या रूपात ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी ते गिळता येईना. मी म्हणालो, "सुमती, साहेब काही विसरले नव्हते."

"म्हणजे?"

मग मी सांगितलं. तिनं आधी गॅस बंद केला. ती माझ्यावर ओरडेल अशी माझी तयारी होती. ती ओरडली नाही. कट्ट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मग विमानतळावर मी त्या माणसाला काय बोलले हो!"

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी मंजूमार्फत बोलली. मंजू आमची मुलगी, इंग्रजी शाळेतली. ती दारात येऊन म्हणायची, "बाबा, आई इज आस्किंग, चहा हवा का?" तिसऱ्या दिवशी सुमती स्वतः आली. "मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिता ना दर वर्षी? खजुराच्या झाडांवर नि काय काय? या वर्षी हे लिहा. स्वतःचं नाव घालून लिहा."

म्हणून लिहितो आहे.

मी बहरीनला आलो पंचाहत्तर साली, आणि डेंटनसाहेब त्यानंतर वर्षभरानं. उंच, किडकिडीत, कानांच्या पाळ्या उन्हानं कायम लाल. बाकीचे गोरे अधिकारी गावाबाहेरच्या बंगल्यांत राहायचे, गाडीनं यायचे, गाडीनं जायचे. साहेबांनाही बंगला मिळत होता. त्यांनी तो नाकारला आणि मनामाच्या बाजारात एका कापडाच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा घेतली. ऑफिसला चालत यायचे. पाच मिनिटांच्या त्या वाटेला त्यांना अर्धा तास लागायचा, कारण वाटेत न्हावी, खुबूजच्या रोट्या भाजणारा भट्टीवाला, चहाचा केरळी पोरगा, दोरखंड विकणारा म्हातारा बहरीनी अशी सगळी मंडळी होती. त्या सगळ्यांपाशी थांबून साहेब आपल्या भयंकर उच्चारात 'शुलोनक' म्हणून खुशाली विचारायचे. उत्तर पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत. उत्तर त्यांना समजत नसे, तो भाग वेगळा.

आणि त्यांच्या हातात छत्री असायची. काळी, लांब, बाकदार मुठीची. बहरीनमध्ये छत्री! आमच्या मेसमधला दत्ताराम ट्रक चालवायचा. तो म्हणायचा, "तुमच्या सायबाला कुणीतरी सांगा रे, हितं पाऊस मफी, नाय म्हंजे नाय." पण साहेब ती उघडायचे नाहीतच. दुपारी जेवायला बसले की शेजारच्या खुर्चीवर आडवी ठेवायचे. कोणी ट्रे घेऊन जागा शोधत आला, मग तो प्यून का असेना, की छत्री उचलून म्हणायचे, "ही जागा तुमचीच."

मी हिशेबखात्यात कारकून होतो. साहेबांच्या केबिनला लागून माझं टेबल. माझा स्वभाव मुळात न बोलण्याचा, त्यांचाही तसाच, पण त्यांनी तो मोडून काढायचं ठरवलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. रोज संध्याकाळी निघताना ते मला एक प्रश्न विचारायचे. तुझ्या गावाला नदी आहे का? आंबा कोणत्या महिन्यात मोहरतो? आई काय करते दिवसभर? दापोलीजवळचं माझं गाव मी असं थोडं थोडं करून त्या माणसाला सांगितलं. इतकं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. अर्थात तिला सांगायची गरज काय, ती तिथेच राहत होती.

एकदा मी उलटा प्रश्न विचारला. "साहेब, तुमचं गाव कसं आहे?"

त्यांनी छत्रीकडे नेलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

मला वाटलं, सांगायचं नसेल. पण ते खरंच सांगत होते. लंडनपासून रेल्वेनं तासाभरावरचं गाव. नावाचा उच्चार मला कधी जमला नाही. सगळी घरं एकसारखी, विटांची, मागे हिरवळीची पट्टी. सकाळी गावातले पुरुष काळे कोट घालून स्टेशनच्या रस्त्यानं उतरायचे, संध्याकाळी तोच लोंढा उलटा चढायचा. हिवाळ्यात जाताना अंधार आणि येतानाही अंधार. "माझ्या घराच्या दाराला कोणता रंग आहे, हे मी शनिवारी-रविवारीच बघायचो," साहेब म्हणाले. फलाटावर प्रत्येकाची उभी राहायची फरशी ठरलेली, डबा ठरलेला, जागा ठरलेली. समोरच्या जागेवर अकरा वर्षं एकच गृहस्थ बसायचा. त्याचा खोकला, त्याचे मोजे, शब्दकोडं अडलं की पेन्सिल चावायची सवय, सगळं साहेबांना पाठ.

"आणि नाव?"

"नाव विचारणं बरं दिसलं नसतं."

मेसमध्ये मी हे सांगितलं तर दत्ताराम ताटावर हसत सुटला. "अकरा वर्सं समोरासमोर नि नाव म्हायती नाय? आमच्या यष्टीत खेडला बसलेला मानूस दापोली येईस्तवर सोयरा निघतो!"

मीही हसलो. पण गावाची गोष्ट तिथे संपलेली नव्हती. पुढचा भाग साहेबांनी पुष्कळ दिवसांनी सांगितला. त्यांची बायको मार्गारेट अचानक गेली. एकोणीस वर्षं ते दोघं त्या गावात राहिले होते. अंत्यविधीला साहेब चर्चमध्ये शिरले तर आत उभं राहायला जागा नाही. बेकरीवाला होता, पोस्टमन होता, शाळेच्या बाई होत्या, व्हीलचेअरवरची एक म्हातारी डोळे पुसत होती. साहेबांना त्यांतलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. एका बाईनं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, 'तुम्ही मार्गारेटचे मिस्टर असणार.'

"ती त्या गावात राहत होती, खेडेकर," साहेब मला म्हणाले. "मी तिथे फक्त झोपायला जायचो."

त्यानंतर साहेब दोन आठवडे लंडनला कामावर गेले नाहीत. गेले त्या दिवशी डबा नेहमीसारखा भरलेला, माणसं दारापर्यंत उभी. त्यांची जागा मात्र रिकामी होती. तिच्यावर समोरच्या गृहस्थाची छत्री आडवी ठेवलेली. साहेब आले तसं त्यानं काही न बोलता छत्री उचलली आणि पेपरात तोंड घातलं. दोन आठवडे रोज त्यानं ती तशी ठेवली होती. त्याला कुठून कळलं, कुणी सांगितलं, साहेबांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. "मला आयुष्यात मिळालेलं सगळ्यात मोठं सांत्वन ते होतं," साहेब म्हणाले, "आणि तरीही मी त्याचं नाव विचारलं नाही. त्यानंतर मला त्या गाडीत बसवेना. मी इथे आलो."

आता माझ्याबद्दल. थोडक्यात सांगतो, लांबवलं तर मी कारणं द्यायला लागेन.

कारकुनांनाही कुटुंब आणायची परवानगी मिळावी म्हणून साहेबांनी वरच्या लोकांशी भांडण केलं, आणि सत्त्याहत्तर साली ती मिळाली. पहिलं नाव त्यांनी माझं घातलं. मला बोलावून म्हणाले, "आता बायकोला आणि मुलीला घेऊन ये." मी म्हणालो, "आई एकटी पडेल, साहेब. बायको यायला तयार नाही." आई एकटी नव्हती. माझा धाकटा भाऊ सुधाकर, त्याची बायको, सगळे घरातच होते. आणि सुमतीला मी पत्रात लिहिलं, 'आमचा साहेब फॅमिलीला परवानगी देत नाही.'

का? दुसरी बाई, दारू, असलं काही नव्हतं. असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. खरं कारण इतकं बारीक आहे की ते सांगताना आजही लाज वाटते. दोन वर्षांनी महिनाभर सुट्टीवर गेलो की मी घरात पाहुणा असायचो. मला वेगळं पाट-पाणी, मऊ भात, माझ्या आवडीची भाजी. माझ्यासमोर कोणी भांडायचं नाही, मुलगी रडली की तिला आत न्यायचे. सुमती माझ्याकडे सणाकडे बघावं तशी बघायची. ही इथे आली, रोज मला घामेजलेला, कुरकुरणारा, न बोलणारा असा बघू लागली, तर काय उरेल? मेसमध्ये माझी खाट, माझा रेडिओ, माझं गप्प बसणं, कोणाला काही द्यायचं नाही. मला ते आवडत होतं. इतकंच.

साहेब मला अधूनमधून विचारायचे, "मिसेस खेडेकर तयार झाल्या का?" मी मान हलवायचो. एकदा ते म्हणाले, "तू माझ्यासारखाच आहेस. माझी गाडी रोज संध्याकाळी घरी जायची, तुझी दोन वर्षांनी जाते. बाकी फरक नाही." मी हसण्यावारी नेलं.

एक्क्याऐंशीच्या नाताळात साहेबांनी जाहीर केलं की सुट्टीत ते कोकण बघायला जाणार, आणि माझ्या घरी उतरणार. नाही कसं म्हणायचं? सुधाकरला कळवलं, साहेबांची नीट व्यवस्था ठेव. माझी समजूत अशी की सुमतीला इंग्रजी येत नाही, साहेबांना मराठी येत नाही, म्हणजे माझं खोटं सुरक्षित आहे. माझा सख्खा भाऊ हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, हे काही मला नवं नव्हतं. पण भीतीत माणूस घरचंच विसरतो.

तिथे जे झालं ते मला सुमतीनं आणि सुधाकरनं इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होतो असंच वाटतं. साहेब एस.टी.तून धुळीनं माखून उतरले, छत्रीसकट. ओटीवर बसले. आईनं दृष्ट काढली. सुमतीनं घावणे केले, नारळाच्या रसाबरोबर वाढले. साहेबांनी तिसरा घावणा संपवला तशी ती दारात उभी राहून दिराला म्हणाली, "भावजी, साहेबांना विचारा, माझ्या नवऱ्याला फॅमिली आणायला का देत नाहीत?"

सुधाकर अवघडला. "वहिनी, पाहुणे आहेत ते."

"पाहुणे आहेत म्हणूनच वाढून झाल्यावर विचारतेय. आणि हेही सांगा, आमची मंजू बापाला 'बहरीनचे काका' म्हणते. मागच्या सुट्टीत तिनं मला विचारलं, हे काका आपल्या खोलीत का झोपतात?"

सुधाकरनं सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेबांचा हात ताटावरच थांबला. सुधाकर म्हणतो, त्यांनी आधी सुमतीकडे पाहिलं, मग उंबऱ्यावर बसलेल्या मंजूकडे. मग अगदी हळू, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "त्यांना सांगा, चूक माझी आहे. तुमच्या भावाचं काम माझ्याकडेच होतं. मी विसरलो."

"विसरले?" सुमती म्हणाली. "चार वर्षं?"

"हो. मी त्यांची माफी मागतो."

"माफीचं मागाहून बघू. आधी माझ्या तिकिटाचं सांगा."

हे भाषांतर न करताच साहेबांना समजलं असावं, कारण ते हसले. निघताना, सुधाकर तिला हाक मारतो तेच तिचं नाव समजून, त्यांनी हात जोडून म्हटलं, "गुडबाय, मिसेस वहिनी." पुढं खरं कळल्यावरही त्यांनी ते बदललं नाही.

ते परत आले त्या सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. साहेबांनी खिशातून एक पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. सुमतीनं पाठवलेल्या कुळथाच्या पिठाची होती.

"मी मिसेस वहिनींना सांगितलंय की मी विसरलो होतो," ते म्हणाले. "आता मला खोटं पाडू नकोस."

मी काहीतरी पुटपुटलो.

"नको," ते म्हणाले. "मला तुझ्यावर रागवायचा अधिकार नाही. मीही तेच केलं. मला फक्त खोटं बोलावं लागलं नाही. माझ्या वतीनं रेल्वेचं वेळापत्रक बोलायचं."

सुमती आणि मंजू ब्याऐंशीत आल्या. जिदहफ्सला बाजाराजवळ दोन खोल्या घेतल्या. मी ज्याला भीत होतो ते सगळं झालं. सुमतीनं मला घामेजलेला पाहिला, कुरकुरताना पाहिला. सणासारखं बघणं पहिल्या महिन्यातच संपलं. त्याच्या जागी काय आलं ते इथे लिहीत नाही, ते आमचं दोघांचं आहे. मंजूला माझ्याजवळ यायला वर्ष लागलं. ती 'काका' म्हणायची थांबली होती, पण 'बाबा'ही म्हणत नव्हती. मला काहीच म्हणायची नाही, नुसती शर्ट ओढायची.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून साहेब जेवायला यायचे. आदल्या दिवशी संध्याकाळी सुमतीबरोबर बाजारात जायचे, पिशवी तेच धरायचे. "मार्गारेटबरोबर मी कधी भाजी आणायला गेलो नव्हतो," असं एकदा म्हणाले. मासेवाल्यापासून शिंप्यापर्यंत त्यांची सगळ्यांशी ओळख झाली. मग मला फैलावर घ्यायचे, "खालच्या किराणावाल्याचं नाव काय? माहीत नाही? जा, विचारून ये, तोवर आम्ही जेवत नाही." मी जायचो. किराणावाला हसायचा, पोरांची नावंही सांगायचा, हातात दोन लिंबं ठेवायचा.

सुमतीनं त्यांना जेवू घातलं, मफलर विणून दिला, ताप आला तेव्हा पेज करून पाठवली. पण ती चार वर्षं मात्र तिनं सोडली नाहीत. "साहेब, मीठ वाढलंय, विसरू नका." "साहेब, छत्री घेतली का? नाहीतर विसराल चार वर्षं." मंजू खदखदा हसत त्याचं इंग्रजी करायची. साहेब मान खाली घालून म्हणायचे, "येस, मिसेस वहिनी. व्हेरी बॅड मेमरी." माझ्याकडे ते चुकूनही बघायचे नाहीत. एकदाही नाही. त्यांनी एकदा बघितलं असतं, तर कदाचित मी तेव्हाच बोललो असतो. आता हेही कारण देणंच झालं.

शहाऐंशीत ते निवृत्त झाले. मला वाटलं होतं, इथेच कुठेतरी राहतील. पण म्हणाले, "मी माझ्या गावाला चाललो. तिथे मी फक्त रात्री राहिलोय. आता दिवसा राहून बघतो."

कॅप्टननं त्या दिवशी चहा पिताना आणखीही एक सांगितलं होतं. साहेबांच्या अंत्यविधीला ते स्वतः गेले होते. "तीनच तर वर्षं झाली होती त्याला परत येऊन," ते म्हणाले, "आणि चर्चमध्ये मला मागे उभं राहावं लागलं."

साहेब कायमचे निघाले त्या दिवशी विमानतळावर फार गर्दी होती. सुट्ट्यांचा मोसम, प्रत्येकाबरोबर पोचवायला आलेलं सगळं घर. साहेबांना कशाबशा दोन खुर्च्या मिळाल्या. सुमती मंजूला पाणी पाजायला घेऊन गेली, तर त्यांनी तिच्या रिकाम्या खुर्चीवर छत्री आडवी ठेवली. मी शेजारीच उभा होतो. मला ते बस म्हणाले नाहीत. मीही बसलो नाही. 'साहेब, मी तिला आज सांगतो,' एवढं वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. सुमती परत आली, साहेबांनी छत्री उचलली, आणि वाक्य राहिलं.

विमानाची घोषणा झाली. सुमतीनं पदराखालून डबा काढला, ओल्या नारळाच्या करंज्यांचा. तो त्यांच्या हातात दिला आणि सरळ उभी राहिली. चार वर्षांत ती थोडं इंग्रजी शिकली होती. हे वाक्य तिनं मंजूकडून घटवून घेतलं असावं. ती म्हणाली, "सर, दॅट फोर इयर्स. आय फरगिव्ह यू. फुल."

मी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी साहेब हसतील, काहीतरी गंमत करून टाळतील. ते हसले नाहीत. त्यांनी छत्री आणि डबा एका हातात घेतला, डोक्यावरची टोपी काढली आणि सुमतीसमोर इतके खाली वाकले की त्यांच्या विरळ केसांतली लाल त्वचा दिसली. वर आले तेव्हा डोळे भरलेले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं.

"थँक यू, मिसेस वहिनी," ते म्हणाले. "कोणाकडून तरी हे ऐकायला हवं होतं मला."

मग त्यांनी माझा हात हातात घेतला, नेहमीसारखाच, ना घट्ट ना सैल, आणि आत गेले. काचेपलीकडच्या रांगेत ते समोरच्या माणसाला काहीतरी विचारताना दिसले. तो माणूस वळला, आणि काहीतरी सांगू लागला. साहेब मान खाली करून ऐकत होते. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण ते काय विचारत होते ते मला माहीत होतं. ते त्याचं नाव विचारत होते.